वाचकांचे प्रश्न : पाटीवरचे साल आणि वहीतले साल

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खेड्यांमधील बॅप्टिस्ट मंडळ्यांवर, म्हणजे या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या स्थानिक चर्चवर, गेल्या अंकात एक टिपण आले होते. अशा मंडळीचा इतिहास तिच्या स्वतःच्या इतिवृत्ताच्या वहीत असतो, बाहेर फारसा सापडत नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काहींची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक आहेत, काहींच्या हाती जुन्या वह्यांचे फोटो आले आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मुलाकडे टेनेसीला गेलो होतो तेव्हा स्मोकी डोंगरातल्या केड्स कोव्ह खोऱ्यातले पांढरे लाकडी चर्च पाहिले. माहितीत १८२७ आणि १८८७ अशी दोन साले होती. इतर चर्चच्या पाट्यांवरही असाच घोळ दिसतो. मंडळीची स्थापना म्हणून कोणते साल धरायचे?

दोन्ही साले बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. १८२७ हे मंडळीचे साल, १८८७ हे आज उभ्या असलेल्या इमारतीचे. त्याआधी ते लोक ओंडक्यांच्या घरात जमत. बॅप्टिस्टांच्या लेखी चर्च म्हणजे आधी माणसे आणि मग छप्पर. इमारतीवरून वय काढायला गेलात तर इथे साठ वर्षे गळतात.

मंडळी रीतसर स्थापन होण्याची एक ठरलेली पद्धत होती. नव्या वस्तीत आलेली बॅप्टिस्ट कुटुंबे आपापल्या जुन्या मंडळीकडून पत्र घेऊन येत. पत्र म्हणजे ‘अमुक व्यक्ती आमची सभासद आहे, तिचे वर्तन चांगले आहे, तिला आम्ही मोकळे करतो’ असा दाखला. पुरेशी पत्रे जमली की दीक्षा मिळालेल्या पाळकांना (धर्मोपदेशकांना) बोलावले जाई. दोन किंवा अधिक पाळक मिळून त्यांची तात्पुरती समिती बने. तिला ‘प्रेसबिटरी’ म्हणत. ही समिती पत्रे तपासे, विश्वासाची कलमे आणि परस्परांशी करायचा करार वाचून घेई, सर्वांची संमती विचारी आणि मग उजवा हात देऊन ‘ही मंडळी स्थापन झाली’ असे जाहीर करी. लगेच चिटणीस निवडला जाई आणि वहीचे पहिले पान लिहिले जाई. स्थापनेची तारीख धरायची ती हीच.

पण पाटी रंगवणाऱ्याच्या हाती बहुधा दुसरेच काही साल येते. कधी ते पहिली प्रार्थनासभा कोणाच्या तरी घरी झाली त्याचे असते. बऱ्याच मंडळ्या सुरुवातीला दूरच्या थोरल्या मंडळीची शाखा होत्या. त्या शाखेला ‘आर्म’ म्हणत आणि तिचे सभासद थोरल्या मंडळीच्याच यादीत असत. शाखा सुरू झाल्याचे साल स्थापनेच्या आधीचे येते. असोसिएशनमध्ये, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांच्या संघात, प्रवेश मिळाल्याचे साल बहुधा नंतरचे असते, कारण संघाची वार्षिक सभा पीक हाती येण्याच्या सुमारास, ऑगस्ट ते ऑक्टोबरात भरे आणि हिवाळ्यात स्थापन झालेल्या मंडळीला तोवर थांबावे लागे. जमिनीचे खत तर आणखी उशिराचे. शेजारच्या शेतकऱ्याने तोंडी दिलेल्या जागेवर चर्च उभे राही आणि तो म्हातारा झाला किंवा त्याचे वारस भांडू लागले की मग खत होई. इतिहास लिहिणाऱ्याने ही सगळी साले वेगवेगळी नोंदवावीत. एकाच सालात कोंबू नयेत. शताब्दीच्या छोट्या पुस्तिकेत जे साल एकदा छापले जाते तेच पुढच्या प्रत्येक पुस्तिकेत उतरते, आणि शंभर वर्षांनी मूळ पान कोणी उघडून पाहत नाही.

प्रश्न : रोमन कॅथलिक चर्चची कागदपत्रे बिशपच्या कार्यालयात मिळतात. बॅप्टिस्टांचे असे मुख्य कार्यालय कुठे आहे?

तसे कार्यालय नाही. प्रत्येक मंडळी स्वतंत्र. पाळक निवडणे, सभासद घेणे, काढणे, इमारत विकणे हे सगळे सभासद मतदानाने ठरवतात. असोसिएशनही हुकूम देत नाही. फार तर ‘तुमच्याशी संबंध ठेवत नाही’ असे जाहीर करू शकते. अमेरिकेतला पहिला टिकाऊ संघ फिलाडेल्फियाचा, १७०७ सालचा. दक्षिणेत चार्ल्सटनचा १७५१ साली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या सँडी क्रीकचा १७५८ साली निघाला. यांतली सँडी क्रीकची मंडळी १७५५ साली शुबल स्टर्न्स यांनी अवघ्या सोळा माणसांनिशी सुरू केली होती; थोड्याच काळात तिचे सभासद सहाशेवर गेले आणि तिथून निघालेले उपदेशक दक्षिणेत खेडोपाडी पसरले.

या स्वातंत्र्याची किंमत इतिहासकाराला मोजावी लागते. वहीची एकच प्रत असे आणि ती चर्चमध्ये नव्हे, चिटणिसाच्या घरी राही. चिटणिसाचे घर जळाले तर तीस-चाळीस वर्षे जळाली. त्याच्या विधवेने ट्रंक भावाकडे दुसऱ्या राज्यात पाठवली तर वही तिथे. म्हणून ‘आमची पहिली वही हरवली’ असे ऐकले की आधी जुन्या चिटणिसांची नावे काढावीत आणि त्यांच्या वंशजांकडे चौकशी करावी.

वही खरोखरच नसेल तर असोसिएशनची छापील वार्षिक इतिवृत्ते हा पुढचा आधार. त्यांत प्रत्येक मंडळीचे प्रतिनिधी, पाळक, पोस्ट ऑफिस आणि सभासदांचा तक्ता असतो. ही इतिवृत्ते आणि अनेक वह्यांच्या मायक्रोफिल्म नॅशव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट ऐतिहासिक ग्रंथालयात आहेत. जॉर्जियासाठी मर्सर विद्यापीठ, अलाबामासाठी बर्मिंगहॅमचे सॅमफर्ड, साउथ कॅरोलिनासाठी फर्मन, नॉर्थ कॅरोलिनासाठी वेक फॉरेस्ट आणि व्हर्जिनियासाठी रिचमंडची बॅप्टिस्ट इतिहास संस्था पाहावी. आणखी एक दुर्लक्षित साधन आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेरोजगारांकडून ऐतिहासिक नोंदींची पाहणी करून घेतली. त्या पाहणीत अनेक जिल्ह्यांतल्या चर्चकडे कोणत्या वह्या होत्या आणि त्या कोणाकडे होत्या, हे लिहून ठेवले आहे.

प्रश्न : एका सहकाऱ्याने त्याच्या आजोळच्या चर्चच्या वहीचे फोटो दिले आहेत. प्रत्येक पान सारखेच वाटते आणि मधूनच कोणाला तरी काढून टाकल्याची नोंद येते. हे कसे वाचावे?

पान सारखे वाटते कारण सभेचा क्रम ठरलेला होता. बहुतेक खेड्यांत महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारच्या आदल्या शनिवारी कामकाजाची सभा भरे. आधी उपदेश, मग सभेची सुरुवात. पहिला प्रश्न असे : मंडळीत सलोखा आहे का? मग नवीन सभासदांसाठी ‘दार उघडले’ जाई. मग मागच्या महिन्याची राहिलेली प्रकरणे, मग नवी. शेवटी चिटणिसाची सही. हा साचा एकदा ध्यानात आला की डोळा आपोआप साच्याबाहेरच्या ओळीवर थांबतो, आणि इतिहास तिथेच असतो.

तारखेपासून सुरुवात करा. अनेक चिटणीस ‘तिसऱ्या रविवारच्या आधीचा शनिवार’ एवढेच लिहीत. त्या वर्षाचे कॅलेंडर काढून खरी तारीख बसवा. इथे एक खड्डा आहे : महिना रविवारी सुरू होत असेल तर पहिल्या रविवारच्या आधीचा शनिवार मागच्या महिन्यात जातो.

सभासद येण्याचे मार्ग मुख्यतः तीन. ‘अनुभवाने’ म्हणजे त्या व्यक्तीने आपल्या विश्वासाचा अनुभव सभेपुढे सांगितला, लोकांनी मान्य केला आणि मग तिचा बाप्तिस्मा झाला. ‘पत्राने’ म्हणजे दुसऱ्या मंडळीचा दाखला आणून. ‘पुनःस्थापित’ म्हणजे पूर्वी काढलेला माणूस पश्चात्ताप सांगून परत आला. जाण्याचेही मार्ग तीन : पत्र घेऊन, मृत्यूने किंवा काढून टाकल्याने. सभासदांच्या यादीत यांची एकेका अक्षराची खूण असते आणि ती चिटणिसागणिक बदलते. ‘डी’ हे अक्षर एकाच्या हातचे ‘पत्र देऊन रवाना’ असते, दुसऱ्याच्या हातचे ‘मृत’. एका खुणेवरून कोणाला मारू नका. महिन्याच्या इतिवृत्ताशी ताडून पाहा. यादी पुष्कळदा पहिल्या नावाच्या अक्षराप्रमाणे किंवा दाखल झाल्याच्या क्रमाने असते, आडनावाप्रमाणे नव्हे. आणि वही भरली की चिटणीस यादी नव्या वहीत उतरवी, तेव्हा मेलेले व गेलेले वगळून टाकी. त्यामुळे नव्या यादीत नाव नाही याचा अर्थ तो माणूस कधी सभासदच नव्हता असा होत नाही.

आता शिस्तीच्या प्रकरणांविषयी. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायाप्रमाणे तीन पायऱ्या अपेक्षित होत्या : आधी खासगीत बोलणे, मग एक-दोन साक्षीदार घेऊन जाणे, मग मंडळीपुढे मांडणे. वहीत फक्त तिसरी पायरी उमटते. आरोप नेहमीचेच : दारू, नाच, शिवीगाळ, मारामारी, कर्ज बुडवणे, सलग गैरहजेरी, दुसऱ्या पंथात जाणे. मंडळी दोन सभासदांना नेमून त्या माणसाला पुढच्या शनिवारी हजर राहण्याचा निरोप पाठवी. तो आला आणि चूक कबूल केली तर बहुधा प्रकरण मिटे. नाहीच आला तर ‘मंडळीचा अवमान’ म्हणून काढला जाई. नवखा वाचक इथे हमखास चुकतो. ‘अवमानाबद्दल काढले’ एवढेच वाचून तो माणूस बंडखोर ठरवला जातो, आणि मूळ आरोप नाचाचा होता हे दोन महिन्यांपूर्वीच्या पानावर पडून राहते. प्रत्येक प्रकरण पहिल्या उल्लेखापासून शेवटच्या उल्लेखापर्यंत सलग उतरवून काढा, मगच त्यावर वाक्य लिहा.

प्रमाणही सांभाळा. चांगले वागणाऱ्यांची नोंद कोणी करत नाही. नुसती शिस्तीची पाने वेचली तर अख्खे गाव दारुडे वाटेल. रिकामे महिनेही वाचायला शिका. ‘पुरामुळे सभा नाही’ ही नोंद रस्ता आणि ओढा यांविषयी सांगते. कित्येक महिन्यांचा खंड साथ किंवा युद्ध सुचवतो. केड्स कोव्हच्या त्याच मंडळीने यादवी युद्धात सभा बंद ठेवल्या आणि नंतर कारण स्वतःच लिहून ठेवले : आम्ही युनियनच्या (उत्तरेच्या) बाजूचे होतो आणि इथे बंडखोरांचा (दक्षिणेच्या बाजूचा) जोर फार होता. इतकी सरळ कबुली क्वचित मिळते. बहुतेक वह्या १८६१ ते १८६५ या काळात नुसत्याच पातळ होतात.

प्रश्न : सभासदांचे आकडे एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जुळत नाहीत. चिटणीस गणितात कच्चे होते का?

काही होतेच. पण आधी स्वतः हिशेब मांडून पाहा. समजा मागच्या वर्षी ६४ सभासद. बाप्तिस्मा घेतलेले ७, पत्राने आलेले ५, पुनःस्थापित १. एकूण आले १३. पत्र घेऊन गेलेले ९, काढलेले २, मृत १. एकूण गेले १२. म्हणजे यंदा ६५ हवेत. तक्त्यात ४८ दिसले तर बहुधा त्या वर्षी यादीची सफाई झाली असणार : वर्षानुवर्षे न दिसलेल्यांची नावे एकदम कमी केली असणार. आकडा तीन-चारने चुकत असेल तर कारण वर्ष मोजण्यात असते, कारण असोसिएशनचे वर्ष सभेपासून सभेपर्यंत चाले, जानेवारी ते डिसेंबर नव्हे. आणि सलग तीन वर्षे तोच आकडा दिसला तर मंडळीकडून असोसिएशनला आकड्यांचे पत्र पाठवलेच गेले नव्हते आणि छापणाऱ्याने जुनाच आकडा उचलला, असे समजावे.

सभासद म्हणजे हजेरी नव्हे, हेही लक्षात असू द्या. अनुभव सांगून बाप्तिस्मा घेतल्याशिवाय नाव लागत नसे, त्यामुळे मुले आणि कित्येक नवरे बाकांवर असत पण यादीत नसत. याद्यांत स्त्रिया बहुसंख्य दिसतात त्याचे एक कारण हे.

प्रश्न : पणजोबांच्या जन्माची तारीख चर्चच्या वहीत मिळेल का? (पत्नीच्या माहेरचे मूळ जॉर्जियाचे आहे.)

नाही मिळणार. बॅप्टिस्ट बालकांचा बाप्तिस्मा करत नाहीत. स्वतःचा विश्वास कबूल करणाऱ्यालाच देतात. म्हणून बाप्तिस्म्याच्या तारखेवरून जन्मसाल काढू नका : तो माणूस त्या दिवशी बारा वर्षांचाही असेल आणि साठचाही. विवाहाची नोंदही वहीत नसते, ती जिल्हा न्यायालयात पाहावी. मृत्यूचा उल्लेख असला तर असतो. त्यापेक्षा आवारातल्या दफनभूमीतले दगड वाचणे फायद्याचे.

प्रश्न : एकाच वळणावर दोन बॅप्टिस्ट चर्च आणि दोघेही आपले साल तेच सांगतात, असे का?

फूट पडली म्हणून. सर्वांत मोठी फूट मिशनवरून, म्हणजे संघटित धर्मप्रसारावरून पडली. १८१४ साली फिलाडेल्फियात परदेशी मिशनसाठी राष्ट्रीय अधिवेशन भरले आणि पैसे गोळा करणारे प्रतिनिधी गावोगाव फिरू लागले. पुष्कळ ग्रामीण मंडळ्यांना हे रुचले नाही. देव ज्यांना निवडतो त्यांना तोच आणील, त्यासाठी मंडळे, वर्गणी, पगारी प्रचारक, पाळकांची विद्यालये आणि रविवारची शाळा यांचा पवित्र शास्त्रात कुठे उल्लेख आहे, असा त्यांचा सवाल होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या केहुकी असोसिएशनने १८२७ साली आणि मेरीलँडमधल्या ब्लॅक रॉक येथे जमलेल्यांनी १८३२ साली हा विरोध जाहीर केला. हे लोक ‘प्रिमिटिव्ह’ बॅप्टिस्ट. आजही त्यांच्या बहुतेक चर्चमध्ये वाद्य नसते, रविवारची शाळा नसते, आणि प्रभुभोजनाबरोबर एकमेकांचे पाय धुण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. केड्स कोव्हमध्येही १८३९ साली मिशनची बाजू घेणाऱ्यांना बाहेर काढले गेले आणि त्यांनी आपली वेगळी मिशनरी बॅप्टिस्ट मंडळी केली. त्यांचे आजचे चर्च १९१५ सालचे.

फूट पडते तेव्हा दोन्ही गटांना वाटते की आपणच मूळ मंडळी आणि समोरचे वाट चुकलेले. म्हणून दोघेही जुने साल लावतात, आणि दोघांचेही आपापल्या परीने खरे असते. अशा वेळी वही कोणाकडे राहिली, जागा कोणाकडे राहिली आणि असोसिएशनने कोणाचे प्रतिनिधी बसवून घेतले, या तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासा. तिन्ही एकाच गटाकडे असतीलच असे नाही. मालमत्तेबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७१च्या सत्रातल्या वॉटसन विरुद्ध जोन्स खटल्यात (खटला प्रेसबिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा होता) सांगून ठेवले की स्वतंत्र मंडळीत साधारणपणे बहुमताचा निर्णय चालतो. मात्र खतातच विशिष्ट शिकवणीसाठी जागा दिल्याची अट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून खत वाचल्याशिवाय फुटीचा इतिहास लिहू नये.

खत शोधताना चर्चच्या नावावर अडून बसू नका. जमीन विश्वस्तांच्या किंवा डीकनांच्या (मंडळीने निवडलेल्या सेवकांच्या) नावे होई, म्हणून घेणाऱ्यांच्या सूचीत त्यांची आडनावे पाहा. व्हर्जिनियात तर २००२पर्यंत चर्चला कायदेशीर संस्था म्हणून नोंदणी करता येत नसे; सगळे विश्वस्तांमार्फत. चर्चचे नावही बदललेले असते : आधी ओढ्याचे नाव, मग बेथेल, न्यू होप, माउंट झायन यांपैकी काहीतरी, आणि एकाच जिल्ह्यात दोन न्यू होप निघणे मुळीच दुर्मीळ नाही. जिल्ह्यांच्या सीमाही सरकल्या. चर्च जागचे हलले नाही तरी कागद दुसऱ्या न्यायालयात गेले. टेनेसी, कॅरोलिना, व्हर्जिनियात हद्द झाडे, दगड आणि ‘पोल’ या मापात लिहितात : एक पोल साडेसोळा फूट, १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. अलाबामा, मिसिसिपीत सेक्शन-टाउनशिपची, म्हणजे सरकारी मोजणीतल्या चौकोनांची, चौकट आहे आणि एक सेक्शन ६४० एकरांचा, त्यामुळे तिथे जागा नकाशावर बसवणे फार सोपे.

प्रश्न : जुन्या यादीत काही सभासदांना आडनावच नाही, फक्त ‘अमक्याचा’ अशी नोंद आहे. हे गुलाम होते का? त्यांचे पुढे काय झाले?

होय. ‘बंधू सॅम, अमक्याच्या मालकीचा’ अशा धाटणीची नोंद गुलामाचीच. एकाच मंडळीत मालक आणि गुलाम दोघेही सभासद असत, दोघांनाही ‘बंधू’, ‘भगिनी’ म्हटले जाई. पण बसायची जागा वेगळी, मागे किंवा माडीवर, आणि दाखल व्हायला बहुधा मालकाची परवानगी लागे. शिस्तीची प्रकरणे त्यांच्यावरही चालत, पळून जाणे हाही आरोप असे. ‘बंधू’ या संबोधनाने भुलून ‘सगळे एका कुटुंबासारखे नांदत’ असे लिहिणारे स्थानिक इतिहास पुष्कळ आहेत. पुढच्याच पानावर त्याच बंधूची विक्री झाल्याने त्याला पत्र दिल्याची नोंद असू शकते. १८४५ साली ऑगस्टा, जॉर्जिया येथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन (दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांची संघटना) वेगळे झाले ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही या वादातून. त्या संस्थेने १९९५ साली याबद्दल जाहीर माफी मागितली. गावच्या पुस्तिकेने त्याहून कमी बोलण्याचे कारण नाही.

स्वतंत्र कृष्णवर्णीय मंडळ्या युद्धाआधीही होत्या. साउथ कॅरोलिनातल्या सिल्व्हर ब्लफची मंडळी अमेरिकन क्रांतीच्या सुमाराची, आणि सव्हानाची त्यानंतर लवकरच उभी राहिली. पण खेड्यांतली खरी विभागणी १८६५नंतर झाली. वहीत ती एखाद्या ओळीत उरकलेली असते : ‘आमच्या कृष्णवर्णीय सभासदांनी पत्रे मागितली, दिली.’ कोणी मागितली, का मागितली, गोऱ्यांनी जागा दिली की नुसते जाऊ दिले, हे त्या ओळीत नसते. ते नव्या मंडळीच्या बाजूने शोधावे लागते.

शोधाची दिशा अशी. यादीतली पहिली नावे आणि मालकांची नावे एका कागदावर मांडा. त्या मालकांची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या न्यायालयात काढा. त्यांत गुलामांची नावे आणि कधी वयेही असतात. मग १८७०ची जनगणना घ्या, कारण पूर्वी गुलाम असलेल्या सर्वांची नावानिशी नोंद त्याच जनगणनेत प्रथम झाली. एक सावधगिरी : स्वातंत्र्यानंतर माणसाने शेवटच्या मालकाचेच आडनाव घेतले असे धरून चालू नका, कित्येकांनी आधीच्या मालकाचे किंवा स्वतःच्या पसंतीचे घेतले. शेवटी त्या परिसरातल्या कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट मंडळीच्या पहिल्या विश्वस्तांची नावे खतातून काढा आणि जुन्या यादीशी ताडा. दोन-तीन नावे जुळली तरी दोन मंडळ्यांचा धागा हाती येतो. दोन्हीकडची मंडळी एकत्र बसून हे काम करतील तर उत्तमच, कारण दुसऱ्या बाजूच्या आठवणी कोणत्याच न्यायालयात नाहीत.

प्रश्न : उपासना महिन्यातून एकदाच का?

पाळक एकच आणि मंडळ्या चार. प्रत्येक शनिवार-रविवार वेगळ्या गावी. हा माणूस आठवडाभर शेती करी, घोड्यावरून जाई आणि मोबदल्यात थोडी रोकड, थोडे धान्य-मांस मिळे. दरवर्षी त्याची निवड नव्याने होई, म्हणून वहीत तेच नाव वीस वेळा ‘निवडले’ दिसते; तो वीस वेळा आला-गेला असा अर्थ नाही. उरलेल्या रविवारी लोक शेजारच्या मंडळ्यांत जात. पक्के रस्ते आणि मोटारी आल्यावर ही व्यवस्था मोडत गेली, आणि त्याच रस्त्यांनी लोक शहराच्या चर्चलाही जाऊ लागले.

प्रश्न : आमच्या परिचितांच्या चर्चची १८५०च्या आसपासची वही एका कपाटात आहे. पाने तपकिरी पडून तुटत आहेत. लॅमिनेट करावीत का?

मुळीच नाही. लॅमिनेशन उलटवता येत नाही आणि आतला कागद उष्णतेने व चिकटद्रव्याने आणखी खराब होतो. पारदर्शक चिकटपट्टीही नको. काही वर्षांत तिचा पिवळा डाग शाईत उतरतो. त्या काळची लोहयुक्त शाई मुळातच आम्लधर्मी, ती अक्षराच्या जागी कागद खाते. म्हणून पान दुमडू नका आणि ओळीवर बोट ठेवून वाचू नका.

पहिले काम फोटोंचे. वही पूर्ण सपाट उघडू नये. दोन्ही बाजूंना उशा किंवा फोमचे उतार ठेवून ९० ते १२० अंशांतच उघडावी. खिडकीचा अप्रत्यक्ष उजेड घ्या, फ्लॅश नको. मुखपृष्ठ, कोरी पाने, आत ठेवलेल्या चिठ्ठ्या, सगळ्यांचे क्रमाने फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत पानाच्या क्रमांकाची चिठ्ठी दिसू द्या. चिठ्ठ्या ज्या पानात सापडल्या ते पान लिहून मगच काढा. हे राहून गेले तर एखादे सुटे पत्र कोणत्या वर्षाचे हे कधीच कळणार नाही. स्कॅन करत असाल तर हस्ताक्षरासाठी ४०० डीपीआय पुरेसे. जवळ पेन नको, फक्त पेन्सिल.

नंतर मूळ वही आम्लरहित पेटीत, आडवी, पोटमाळा आणि तळघर सोडून, घराच्या मधल्या खोलीत. तापमान २० अंशांच्या आत आणि आर्द्रता ३५ ते ५० टक्के असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती रोज वर-खाली होऊ नये. वही कधी भिजलीच तर उन्हात वाळवू नका आणि पाने सोडवू नका. मेणकागदात गुंडाळून ४८ तासांच्या आत फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी थांबते आणि तज्ज्ञाला गाठायला वेळ मिळतो.

उतारा काढताना चिटणिसाचे शुद्धलेखन सुधारू नका. न वाचलेल्या जागी चौकटी कंस टाका, अंदाज असेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह. नावे दोन माणसांनी वेगवेगळी वाचावीत आणि मग ताडावीत. फोटोंच्या किमान तीन प्रती तीन जागी ठेवा आणि त्यांतली एक वर दिलेल्या राज्याच्या संग्रहाकडे पाठवा. मूळ वही देणगी द्यायची की नुसती ठेव म्हणून ठेवायची, हा निर्णय सभेत मतदानाने घ्यावा आणि त्या महिन्याच्या इतिवृत्तात लिहावा, कारण वही मंडळीची आहे, चिटणिसाची नाही.